घोंगडीचा काही दोष नव्हता

अंगावर चट्टे उठले, खाज सुटली, ओठ सुजले, की भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "काय खाल्लं होतं?" मग आपण आठवत बसतो. वांगं, अंडं, शेंगदाणे, कुणाच्या तरी डोहाळजेवणातली बासुंदी. मीही आठवलं. सगळं आठवलं, फक्त जे आठवायला हवं होतं तेवढं सोडून. त्याची शिक्षा मला झाली, ती होणारच होती. पण माझ्याआधी ती दुसऱ्याच बाईला झाली. तिला बाजूला ठेवून मला माझ्या दुखण्याबद्दल लिहिता येत नाही. माझ्यासारखं कुणाचं अंग उठत असेल तर त्यांनी हे वाचावं, आणि माझ्यापेक्षा थोडं लवकर शहाणं व्हावं.

खणातली डबी

मी पाटोद्याजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. दिवसभर उभं राहून आणि घरी येऊन पुन्हा ओट्याशी उभं राहून कंबर धरते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत टेबलाच्या खणात, खडूच्या खोक्याशेजारी, एक प्लास्टिकची डबी असते. कुणी तरी मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणतं, कात्रीनं एकेक गोळी कापून डबीत टाकतं. ज्याचं दुखेल त्यानं घ्यावी. कापता कापता नाव कुठल्या कुठे जातं. लांबट पांढरी कंबरेची, बारकी पिवळी डोक्याची, एवढी ओळख आम्हाला पुरेशी होती. मधल्या सुट्टीत चहा आला की चहाबरोबर गोळी. तिला औषध घेणं असं आमच्यात कुणी म्हणत नसे. औषध म्हणजे शुगरचं, बीपीचं, रोज उठून घ्यायचं. ही आपली चहाची सोबतीण.

एका संध्याकाळी शाळेतून आले आणि दंडावर खाज सुटली. बघता बघता मांड्या, पोट, मान, सगळीकडे लाल गांधी उठल्या. मी मागच्या दारात उभी राहून म्हशीनं खांबाला पाठ घासावी तशी चौकटीला घासत होते. ते आमच्या मागच्या सोनाआक्कानं पाहिलं.

सोनाआक्का धनगराची. तिचा थोरला मुलगा मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर असतो. इथे ती, धाकटा मुलगा, सून, तान्ही नात, काही शेळ्या आणि एक म्हैस. दूध आम्ही तिच्याकडूनच घेतो.

"कावून वं म्याडम, अंग कावून घासू लागलाव?" ती म्हणाली आणि माझा हात उलटा करून बघितला. "लई पित्त उठलंय की. थांबा, घोंगडी आनते."

ही घोंगडी आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती. आक्काच्या मालकांनी मेंढरांमागे हिंडताना तिचं सूत कातलं होतं आणि सणगराकडून ती विणून घेतली होती. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. दसऱ्याला आक्का तिची पूजा करायची, आणि बाकीचं वर्ष ती घोंगडी गल्लीची असायची. कुणाला हीव भरलं, बाळंतीण कुडकुडली, पोराला पित्त उठलं, की घोंगडी त्या घरी. परत आली की आक्का ती उन्हात झटकून घडी घालून ठेवायची. कुणाच्या घरी गेली होती, हे तिनं कधी पाहिलं नाही. आमच्या घरून परत आली तेव्हाही नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आजीची कपबशी ज्या गावात गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची, त्या गावची मी लेक. म्हणून आक्काची घोंगडी पहिल्यांदा माझ्या अंगावर पडली तेव्हा ती मला टोचली, आणि तरीही बरी वाटली.

आक्कानं आमसुलाचं पाणी अंगाला लावलं, मला घोंगडीत गुंडाळलं आणि घाम येईपर्यंत उठू दिलं नाही. सकाळी गांधी उतरल्या होत्या. महिन्याभरानं पुन्हा तसंच झालं, पुन्हा घोंगडी आली. आम्ही हसलो देखील. हे म्हणाले, "तू आता आक्काकडंच राहायला जा."

जे मी सांगितलं

तिसऱ्या खेपेला हसण्यासारखं काही राहिलं नाही. ताप भरला, ओठ सुजून बाहेर आले, डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या. आक्का घोंगडी घेऊन आलीच होती. घोंगडीत असतानाच चट्टे जांभळे दिसू लागले, तेव्हा ह्यांनी मोटारसायकल काढली आणि मला पाटोद्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "एखादं औषध चालू आहे?"

मी म्हणाले, "नाही."

"अंगाला काही नवीन लागलं? साबण, तेल, कपडा?"

मी जरा विचार केला आणि म्हणाले, "घोंगडी."

त्यांनी लिहिता लिहिता मान हलवली. "होऊ शकतं. लोकर काहींना चालत नाही." इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. त्यांना मी दोष देत नाही. मी जे हातात ठेवलं त्यावरूनच ते बोलले. गांधी आधी उठल्या आणि घोंगडी नंतर आली, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते मला ठाऊक होतं. तिसरीच्या पुस्तकात 'घटना योग्य क्रमाने लावा' असा प्रश्न असतो. दर वर्षी मी तो पोरांकडून करून घेते, चुकला की पुन्हा करायला लावते. स्वतःच्या अंगावरचा क्रम मात्र मला लावता आला नाही.

घरी आलो तेव्हा घोंगडी माझ्या पलंगाच्या पायथ्याशी होती. हे वायरमन आहेत. विजेच्या खांबावर शांत डोक्यानं चढणारा माणूस, पण माझं तोंड बघून त्यांचं डोकं गेलं होतं. घोंगडी उचलून त्यांनी अंगणात टाकली, मोटारसायकलमधलं पेट्रोल ओतलं आणि काडी लावली. पेट्रोल भडकून विझलं. लोकर नीट पेटेना, नुसती धुमसत राहिली. केस जळल्यासारखा वास सगळ्या गल्लीत भरला. त्या वासानं आक्का धारेची बादली हातात घेऊनच आली.

"ओ सायब, काय जाळू लागलाव?"

"आक्का, डॉक्टरनं सांगितलंय. तुमच्या घोंगडीनं झालंय हिला."

"माज्या घोंगडीनं?"

"मंग कशानं? बघा जाऊन तिचं तोंड."

ती दारापर्यंत आली. मी पलंगावर होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे तोंड केलं. सुजलेल्या ओठांनीही 'अहो, थांबा' एवढं म्हणता येत होतं. मी म्हणाले नाही, कारण मलाही तेच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर, आता कारण सापडलं, ते जळतंय, म्हणून मला हायसं वाटत होतं. रात्री ह्यांना म्हणाले, "नारायणगडाच्या यात्रेला गेलो की तिला नवी घेऊन देऊ." मालकाच्या हातच्या सुताची घोंगडी मला बाजारात मिळणार होती!

गल्लीनं काम पुढे नेलं. मेंढरांची घाण, त्यातले किडे, शिकलेल्या बाईची काय दशा केली, असं सुरू झालं. आक्काच्या घोंगडीत ज्यांची लेकरं निजली होती त्याच बाया हे बोलत होत्या. दोन-तीन घरांनी तिचं दूध बंद केलं. आम्ही बंद केलं नाही. त्याचाच मला मोठेपणा वाटायचा.

पुन्हा

मी बरी झाले, शाळेत जाऊ लागले. परीक्षेचे पेपर तपासताना कंबर भरून आली. चहा आला, खण उघडला, लांबट पांढरी गोळी घेतली.

घरी पोहोचेपर्यंत तोंड आतून भाजल्यासारखं झालं. अंधार पडेस्तोवर छातीवर, हातांवर चट्टे आले, त्यांच्यावर फोड आले. चोळी अंगाला चिकटली ती काढताना कातडीच सुटली. मी ओरडले नाही, तोंड उघडतच नव्हतं. ह्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण त्याच्या आत दुसरंही काही होतं. ते मला दिसलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. घोंगडी तर जळून गेली होती.

बीडच्या रुग्णालयात एक त्वचेच्या डॉक्टर होत्या, माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी औषध चालू आहे का, असं विचारलंच नाही. म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून तोंडात जे जे गेलं ते सांगा. पाणीसुद्धा."

माझं बोलणं कळत नव्हतं. माझी मुलगी पल्लवी माझ्या तोंडाशी कान नेऊन त्यांना सांगत होती. चहा. भाकरी, पिठलं. शाळेत चहा, गोळी. घरी...

"थांबा. गोळी कसली?"

"पांढरी," पल्लवी म्हणाली. "लांबट, म्हणते."

ह्यांनी मुख्याध्यापकांना फोन केला. ते बिचारे डबीच घेऊन आले. एका तुकड्यावर अर्धं नाव शिल्लक होतं, डॉक्टरांना तेवढं पुरलं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "याआधी अंग उठलं, त्या दिवशीही ही घेतली होती?"

मी डोळे मिटले. पहिल्या वेळी केंद्राची बैठक होती, कंबर दुखत होती, घेतली होती. दुसऱ्या वेळी शाळेची पाहणी होती, घेतली होती. तिसऱ्या वेळी पण. मी मान हलवली.

"ती गोळी तुमच्या अंगाला चालत नाही. दर वेळी अंगानं तुम्हाला थोडं जास्त ओरडून सांगितलं. या वेळी जिवावर बेतलंय, पण वेळेत आलात."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी फळ्यावर कितीदा लिहिली असेल. आजार कळला त्या दिवशी लोकांना स्वतःच्या मरणाची भीती वाटते म्हणतात. वाटली, मलाही वाटली. पण त्याच्या आधी नाकात तो जळक्या लोकरीचा वास आला, आणि आजीची कपबशी डोळ्यासमोर आली. आम्ही हात लावलेली वस्तू टाकून देणारी माणसं कशी असतात, हे मी लहानपणी ऐकलं होतं. आता ती माझ्या अंगणातच निघाली.

केळीची पानं

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. पहाटे सिस्टर येऊन डोळ्यांत थेंब घालायच्या, पापण्या चिकटू नयेत म्हणून. मग तोंड धुवायचं. औषधाचं पाणी तोंडात घेतलं की डोळ्यांतून पाणी यायचं. नळीनं दूध, पातळ पेज. कूस बदलताना दोघी-तिघी लागायच्या. चादर अंगाला चिकटायची, ओढली की कातडी निघायची. म्हणून डॉक्टरांनी केळीची कोवळी पानं मागवली. ती स्वच्छ करून घेऊन त्यांच्यावर मला निजवायचे. पान गार असतं, सोडवायला लागत नाही, आपणहून सुटतं. त्या दिवसांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं सुख म्हणजे सकाळचं ताजं पान. पल्लवीनं आरसा दडवला होता, फोनही उलटा ठेवायची. मी एकदा स्टीलच्या भांड्यात तोंड बघितलंच, आणि पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं.

पानं रोज आणायची कुठून? ह्यांनी दोन दिवस कुठून कुठून आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डच्या दारात सोनाआक्का उभी. डोक्यावर पानांचा भारा. तिच्या थोरल्याचा मेंढरांचा वाडा माजलगावच्या बाजूला, पाटाच्या पाण्यावरच्या बागायतीत बसला होता. शेजारच्या मळ्यातून तो पानं मागून एसटीत टाकायचा, आणि गावाहून पहिल्या गाडीनं आलेली आक्का बीडच्या स्टँडवर ती उतरवून घ्यायची.

"म्याडम, पानं आनलीत. कवळी हायेत," ती दारातूनच म्हणाली. आत आली नाही. लुगडं सावरून घेत होती, त्याचा काठही आमच्या खाटेला लागू नये अशी.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. सांगा ना, असं डोळ्यांनी म्हणाले. हे पानं घ्यायला बाहेर गेले आणि तिला न सांगताच परत आले.

त्या दुपारी आमचं भांडण झालं. माझं बोलणं म्हणजे नुसतं घोगरं हुं-हुं, पण सत्तावीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं. ते म्हणाले, "कसं सांगू मी? कोणत्या तोंडानं? मी जाळली गं ती माझ्या हातानं." मग थांबून म्हणाले, "आणि तू बघत होतीस. एक शब्द बोललीस का?"

पल्लवी उठून खिडकीशी गेली. शेवटी हेच म्हणाले, "तू बरी हो. मग दोघं मिळून सांगू."

मी हे मान्य केलं. या आजारात माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट गोष्ट हीच, असं मला आता वाटतं. घोंगडी जळाली तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत होतं, आणि तरी आक्का सकाळी सकाळी स्टँडवरून भारा घेऊन चालत येत होती, दारातून परत जात होती. तिची पानं मी पाठीखाली घेत होते. तोंड बरं व्हायला लागलं, चार शब्द स्पष्ट यायला लागले, तरी मी म्हणायचे, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर नीट बसून सांगू.

ज्यांचं अंग उठतं त्यांना

मध्येच हे सांगून टाकते, नाही तर राहील. डॉक्टरांनी विचारलं की सगळं सांगा. डोकेदुखीची, कंबरेची, शेजारणीनं दिलेली, वैदूची पुडी, बाटलीतला काढा, सगळं. ते रागावतील म्हणून काही लपवू नका. गोळीचं पाकीट कापू नका, आणि नाव गेलेली गोळी तोंडात घालू नका. न चालणाऱ्या गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून ती माझ्या पर्समध्ये आणि ह्यांच्या खिशात असते. एकदा थोडं झालं आणि आपोआप गेलं, म्हणून खूश होऊ नका. आमच्या शाळेतली डबी आता नाही. आणि घरच्यांना एक सांगते. माणूस आजारी पडला की घरात कुणावर तरी खापर फोडायची घाई होते. सून, शेजारीण, जेवण, कुणाची तरी नजर. थोडं थांबा. क्रम लावा.

आक्काच्या अंगणात

घरी आल्यावर मी बरेच दिवस उन्हात जात नव्हते. नवी कातडी गुलाबी आणि पातळ होती. एका सकाळी दूध आणायला मीच गेले. हे बरोबर आले. आक्का म्हशीखाली बसली होती. सून नातीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

मी उभ्यानंच सांगून टाकलं. नीट बसून सांगायचं म्हणून एवढे दिवस घालवले होते, पण बसवलं नाही.

"आक्का, ते गोळीनं झालं होतं. शाळेतल्या गोळीनं. तुमच्या घोंगडीनं नाही."

तिचे हात थांबले. "कशानं?"

"कंबरेची गोळी घेत होते मी. डॉक्टरांनी शोधून काढलं. घोंगडी जळाल्यावर पुन्हा गोळी घेतली आणि पुन्हा झालं. घोंगडीचा काही दोष नव्हता. आम्ही उगाच जाळली."

हे खाली मान घालून म्हणाले, "आक्का, चुकलं माजं."

ती चिडेल असं मला वाटलं होतं. मालकाच्या आठवणीनं रडेल, आम्हाला बोल लावील, याची मी तयारी करून गेले होते. ती ह्यांच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"मंजे म्या न्हाई केलं?"

"काय?"

"तुमची अशी दशा. कातडं सोललं तुमचं. त्ये म्या न्हाई ना केलं?"

"नाही हो आक्का."

"म्या म्हनलं, माज्या हातानं लपेटलं म्या तुमास्नी. तुमी मेला असता तर ह्या जन्मी फिटलं नसतं. म्हनून पोराला म्हनलं, कुटून बी पानं आन बाबा." ती दुधाचे हात लुगड्याला पुसत उठली. "म्या न्हाई ना मंग? खरं सांगा."

मी पुन्हा नाही म्हणाले. रोज वॉर्डच्या दारात उभी राहणारी बाई माया म्हणून येते, असं मी समजत होते. ती फेड करायला येत होती. न केलेल्या पापाची, आणि आम्ही ते तिला करू देत होतो.

"मंग माज्या सुनंला सांगा," आक्का म्हणाली. "तवापासून ती लेकरू देईना माज्याजवळ. लोकरीचा हात म्हनती."

मी सुनेला पहिल्यापासून सगळं सांगितलं. शिक्षिका आहे, समजावून सांगता येतं मला. गोळी, फोड, बीडच्या डॉक्टर, सगळं क्रमानं. तिनं पदर सावरत नीट ऐकून घेतलं. मध्ये मध्ये "व्हय म्याडम, व्हय म्याडम" म्हणाली. आक्कानं पुढे होऊन हात पसरले. नात आजीकडे झेपावली.

सुनेनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आता झोपायचा टाइम झालाय तिचा," म्हणाली आणि आत गेली.